कारकुनाची चोरी आणि अधिकाऱ्याचा हिशोब

सरकारी किंवा निमसरकारी कार्यालयातील एखाद्या लिपिकाने, रोखपालाने किंवा कंत्राटी संगणकचालकाने लोकांचा पैसा लांबवल्याचे उघड झाले की त्याच्या वरिष्ठाच्या बचावासाठी एक ठरावीक युक्तिवाद पुढे येतो. चोरी ज्याने केली त्याला धरा, साहेबांनी तर एक पैसाही खाल्लेला नाही. दिवसाला शेदीडशे सह्या करणारा माणूस प्रत्येक कागद वाचणार तरी केव्हा. हाताखालच्या माणसांवर विश्वास टाकल्याशिवाय कचेरी चालत नसते. हिशोब तपासायला लेखापरीक्षक आहेत. आणि दुसऱ्याच्या पापाबद्दल अधिकाऱ्याला धरू लागले तर उद्या कोणी सही करायलाच धजणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. ऐकणाऱ्याला तो समंजस वाटतो, माणुसकीचाही वाटतो आणि म्हणूनच त्याला फारसा विरोध होत नाही. लिपिक तुरुंगात जातो, अधिकाऱ्याची बदली होते, गेलेल्या रकमेपैकी थोडी परत मिळते, बाकीची कागदोपत्री ‘वसुलीयोग्य’ म्हणून वर्षानुवर्षे पडून राहते. हा समंजसपणा मुळातच चुकीचा आहे आणि त्याची किंमत ज्यांचा पैसा गेला ते लोक मोजतात, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक आहे.

या युक्तिवादाचा पाया ‘दुसऱ्याच्या पापाची शिक्षा’ या शब्दांत आहे, आणि तो पायाच खोटा आहे. कायद्यात परोक्ष दायित्व नावाची एक कल्पना आहे; नोकराने काम करताना केलेल्या नुकसानीबद्दल मालकाने, त्याचा स्वतःचा काही दोष नसतानाही, भरपाई देणे असा तिचा अर्थ. कार्यालयातील अपहाराबाबत अधिकाऱ्यावर जी जबाबदारी येते ती या जातीची मुळीच नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील ३७ वा नियम सांगतो की अधिकारी स्वतःच्या लबाडीने किंवा हलगर्जीपणाने झालेल्या नुकसानीस जबाबदार असतोच, पण दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या लबाडीने झालेल्या नुकसानीस, स्वतःच्या कृतीने किंवा हलगर्जीपणाने त्याने जेवढा हातभार लावल्याचे दाखवता येईल तेवढ्या मर्यादेपर्यंत, तोही व्यक्तिशः जबाबदार असतो. महाराष्ट्रातील १९५९ चे मुंबई वित्तीय नियम याच तत्त्वावर उभे आहेत. यातील ‘तेवढ्या मर्यादेपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ते लिपिकाचे पाप अधिकाऱ्याच्या माथी मारत नाहीत. अधिकाऱ्याने जे करायचे होते आणि केले नाही, त्याचेच माप ते काढतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील तिसरा नियम तर पर्यवेक्षी पदावरील प्रत्येक कर्मचाऱ्यावर, आपल्या नियंत्रणाखालील सर्वांची सचोटी आणि कर्तव्यपरायणता राखली जावी यासाठी शक्य ते सर्व उपाय योजण्याचे बंधन घालतो. हे बंधन ज्याने पाळले नाही त्याने स्वतःचे कर्तव्य मोडले आहे, आणि त्याबद्दल त्याला विचारणे म्हणजे दुसऱ्याची शिक्षा त्याला देणे कसे ठरते?

शेदीडशे सह्यांचा मुद्दा सर्वांत जास्त सहानुभूती मिळवतो, म्हणून त्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. प्रत्येक कागद अक्षरन् अक्षर वाचावा अशी अपेक्षा कोणत्याही नियमात नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून, म्हणजे शासनाच्या खात्यातून पैसा काढण्याचा आणि तो वाटण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडून, महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ अन्वये जे अपेक्षित आहे ते मोजके आणि ठरलेले आहे. पैशाचा प्रत्येक व्यवहार घडताक्षणी रोकडवहीत, म्हणजे जमाखर्चाच्या रोजच्या नोंदवहीत, चढला पाहिजे आणि कार्यालयप्रमुखाने ती नोंद साक्षांकित केली पाहिजे. वहीची बेरीज त्याने स्वतः तपासावी किंवा वही लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या जबाबदार माणसाकडून तपासून घ्यावी. महिनाअखेर शिल्लक रक्कम स्वतः मोजून तसे प्रमाणपत्र सही आणि तारखेसह वहीत लिहावे. याच्या जोडीला बँकेच्या विवरणपत्राशी वहीचा ताळमेळ घेणे येते. महिन्यातून काही तासांचे हे काम आहे. वही लिहिणारा आणि वही तपासणारा एकच नसावा ही त्यातली अट ज्यांनी घातली, त्यांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. ज्या अधिकाऱ्याला परिपत्रकांच्या बैठका, दौरे, उद्घाटने आणि मंत्र्यांच्या स्वागताला वेळ मिळतो, त्याला महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्लक मोजायला वेळ मिळत नाही, हे कोणाला पटावे? आणि शिल्लक न मोजताच ‘मोजली’ असे प्रमाणपत्र लिहून खाली सही केली असेल, तर तो केवळ आळस राहत नाही. ते सरकारी दप्तरातले खोटे विधान असते आणि चोराला त्याच विधानाचा आडोसा मिळतो.

या सर्व गोष्टी डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात उघड झालेल्या प्रकरणाने पुन्हा समोर आणल्या. महिना सुमारे तेरा हजार रुपये पगारावर काम करणाऱ्या एका कंत्राटी संगणकचालकाने संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये वळवल्याचा गुन्हा तेथे नोंदला गेला. तपासात पुढे आले ते असे: संकुलाच्या नावाच्या कागदावर बँकेला पत्र गेले, खात्याशी जोडलेला ई-मेल पत्ता बदलण्याची विनंती त्यात होती, नवा पत्ता जुन्यापेक्षा एखाद्याच अक्षराने वेगळा होता, त्या पत्त्याच्या आधारे इंटरनेट बँकिंग सुरू झाले आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत पैसा बाहेर जात राहिला. आलिशान मोटार, महागडी दुचाकी, सदनिका यांच्या वर्णनांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. लोकांचे लक्ष त्या मोटारीवर खिळले, हे स्वाभाविक असले तरी दुर्दैवी आहे. कारण खरा प्रश्न मोटारीचा नाही. जवळजवळ सहा महिन्यांत खात्याचे विवरणपत्र बँकेकडून थेट मागवून एकदा जरी डोळ्यांखालून घातले असते, तरी पहिल्याच महिन्यात गळती दिसली असती. मग जुलै संपताना, ऑगस्ट संपताना, सप्टेंबर संपताना ते कोणी पाहिले? त्या प्रकरणात कोणाचा किती दोष ते न्यायालय आणि विभागीय चौकशी ठरवील, आणि ते ठरण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला दोषी म्हणणे योग्य नाही. परंतु क्रीडांगणांसाठी आलेल्या साडेएकवीस कोटींवर सहा महिने कोणाचीही नजर नसावी, हे जर ‘कारकुनाची चोरी’ या दोन शब्दांत संपणार असेल, तर कार्यालयप्रमुख हे पद निर्माण करण्याचे कारणच उरत नाही.

येथे एक नवा बचाव पुढे केला जातो. आताचे व्यवहार संगणकावर चालतात, जुन्या पिढीच्या अधिकाऱ्याला त्यातले कळत नाही, म्हणून त्याने आपली अंकात्मक सही असलेला डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचे ते छोटे उपकरण, आणि त्याचा पासवर्ड चालकाकडे दिला तर बिघडले कोठे, असे विचारले जाते. बिघडले ते हे की त्याने आपली सहीच दुसऱ्याला दिली. कोऱ्या धनादेशांच्या पुस्तकावर आगाऊ सह्या करून ते लिपिकाच्या खणात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा बचाव आजवर कोणी केला नव्हता. डोंगल ताब्यात देणे ही तीच गोष्ट आहे, आणि तिच्यात एकेक धनादेश लिहिण्याइतकाही अडथळा उरत नाही. शिवाय तंत्रज्ञानाचे अज्ञान हा बचाव नोटांच्या बाबतीत तरी कसा चालावा? फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतील रोकड कमी भरली आणि १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा बँकेच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर दाखल झाला. तिथे ओटीपी नव्हता, बनावट ई-मेल नव्हता. तिजोरी उघडून नोटा मोजण्याचेच काम होते. रिझर्व्ह बँकेने त्यावर काय केले? चोर सापडला, आता संचालक मंडळाने निवांत राहावे, असे तिने म्हटले नाही. दोनच दिवसांत तिने मंडळ बारा महिन्यांसाठी बरखास्त केले आणि प्रशासक नेमला. ठेवीदारांचा पैसा ज्यांच्या देखरेखीखाली होता त्यांची देखरेखच तपासली गेली पाहिजे, हे तत्त्व सहकारी बँकेला लागू होते आणि शासकीय कार्यालयाला होत नाही, यामागे कोणते न्यायतत्त्व आहे?

सहकारी संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा याहूनही पुढे गेलेला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ८८ व्या कलमान्वये, संस्थेच्या व्यवस्थापनात भाग घेतलेल्या व्यक्तीने विश्वासघाताने किंवा हेतुपुरस्सर हलगर्जीपणाने संस्थेच्या मालमत्तेत तूट आणली असेल, तर त्या तुटीची रक्कम निश्चित करून ती त्याच व्यक्तीकडून वसूल करता येते. गावच्या पतसंस्थेचा संचालक, ज्याला पगार नसतो आणि हिशोबाचे शिक्षण बहुधा नसते, त्याच्या घरादारावर या कलमाची टांगती तलवार असते. पूर्ण वेळ पगार, प्रशिक्षण, निवासस्थान आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मात्र ‘बिचाऱ्याला काय ठाऊक’ असे म्हटले जाते.

विश्वासाशिवाय कचेरी चालत नाही हे विधान अर्धे खरे आहे, आणि महाराष्ट्राच्या राज्यकारभाराने त्याचे उरलेले अर्धे फार पूर्वी ओळखले होते. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे आठ दरकदार असत. दरकदार म्हणजे ज्यांचा अधिकार सरकारातून मिळालेला असे आणि ज्यांना मामलेदार स्वतःच्या मर्जीने काढू शकत नसे असे अधिकारी. रोकडीचा हिशोब पोतनिसाकडे, नाण्यांची पारख पोतदाराकडे, आणि एकाच्या नोंदीची दुसऱ्याकडून पडताळणी, अशी ही रचना होती. यात कोणाचा अपमान होता काय? मामलेदारावर अविश्वास होता म्हणून ही व्यवस्था केलेली नव्हती; रयतेच्या वसुलीचा पैसा एकाच माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडू नये, एवढा विवेक तिच्यात होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, रक्कम आगाऊ भरणाऱ्याला मोकळीक मिळाली आणि या तपासणीचा जीव गेला. त्याचे परिणाम रयतेने भोगले. शासकीय कोषागारांतील दुहेरी कुलूप, ज्याच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, हेही याच विवेकाचे रूप आहे. आपल्या वाट्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणे याला विश्वास हे नाव देणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

भिवंडीतील धामणकर नाक्याच्या परिसरात, पद्मानगरपासून कामतघरपर्यंत, सोपवलेल्या मालाची जबाबदारी नोकरावर ढकलता येत नाही हे तत्त्व कोणाला शिकवावे लागत नाही. येथील यंत्रमागधारकांपैकी पुष्कळ जण मजुरीवर कापड विणतात: सूत व्यापाऱ्याचे असते, मागधारक ते ताब्यात घेतो, विणून ताके परत करतो आणि मीटरप्रमाणे मजुरी घेतो. कारखान्यातल्या एखाद्या नोकराने सूत बाहेर विकले, तर ‘नोकराने चोरले, त्याच्याकडून घ्या’ असे सांगून मागधारक व्यापाऱ्यासमोरून उठू शकतो काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ चे १५१ वे कलम त्याला एकच प्रश्न विचारते: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी त्याने दुसऱ्याच्या मालाची घेतली होती काय? घेतली असेल तर तो सुटतो, नसेल तर भरतो. कोट्यवधींचा सार्वजनिक निधी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला यापेक्षा कठोर नियम लावा असे कोणी म्हणत नाही. निदान एवढा तरी लावा.

याच नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत कोसळली आणि तीन डझनांहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा महापालिकेने दोन अधिकाऱ्यांना निलंबित केले. ती कारवाई पुरेशी होती की नाही, वरपर्यंत पोहोचली की नाही, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण इमारत बांधणाऱ्यापलीकडे जाऊन, तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम कोणाचे होते हे विचारले गेले, आणि तसे विचारणे अन्याय्य आहे असे कोणाला वाटले नाही. भिंत अधिकाऱ्याने बांधलेली नव्हती, तरी तिच्याकडे पाहणे हे त्याचे काम होते. याच शहरात घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणारा माणूस पावती घेतो तेव्हा तो खिडकीमागच्या लिपिकाशी करार करत नाही. तो महापालिकेला पैसे देतो. ते पैसे खिडकीतून तिजोरीत पोहोचले की नाही हे पाहण्याचे काम ज्याचे, त्याला भिंतीच्या बाबतीत विचारायचे आणि पैशाच्या बाबतीत विचारायचे नाही, हा भेद कशाच्या आधारावर?

पैशाच्या प्रश्नात नागरिकाच्या पदरी काय पडते याचे सर्वांत कडवट उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या रलियाराम नावाच्या सराफाला संशयावरून अडवले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने व पुष्कळशी चांदी जप्त केली. तो सुटला, चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही, कारण ते पोलिसांच्या मालखान्यात, म्हणजे जप्त ऐवज ठेवण्याच्या कोठीत, ज्याच्या ताब्यात होते तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. असा मौल्यवान ऐवज सरकारी खजिन्यात ठेवावा असे पोलिसांचेच नियम सांगत होते आणि ते पाळले गेले नव्हते. कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा मान्य केला, तरीही अटक आणि जप्ती हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने राज्य भरपाईस बांधील नाही, असा निर्णय दिला. ही स्थिती बदलण्यासाठी विधिमंडळांनी कायदा करावा असे तो लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निर्णयातच सुचवले होते. १९९४ च्या नागेंद्र राव खटल्याने या सार्वभौमत्वाच्या ढालीला पुष्कळ मर्यादा घातल्या. परंतु कस्तुरीलाल प्रकरणाचा सांगाडा पाहावा: चोर सीमेपार, राज्य मुक्त, नियम मोडणारे अधिकारी त्या हिशोबातच नाहीत, आणि सोने गेले ते ज्याचे होते त्याचे. अधिकाऱ्याला वगळण्याचा आग्रह धरणारे आज नेमके हेच मागत आहेत, एवढेच की रलियारामाच्या जागी आता करदाता उभा आहे.

लेखापरीक्षकाकडे बोट दाखवणाऱ्यांना फार शब्दांत उत्तर देण्याची गरज नाही. लेखापरीक्षण घटना घडून गेल्यानंतर होते, नमुन्यादाखल होते, आणि त्यात काढलेल्या आक्षेपांना अनुपालन, म्हणजे दुरुस्ती करून दिलेले उत्तर, देण्याचे काम पुन्हा त्याच कार्यालयप्रमुखाचे असते. आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित ठेवायचे आणि चोरी उघड झाल्यावर त्याच लेखापरीक्षेच्या नावाने ओरड करायची, हे दोन्ही एकाच तोंडाने होऊ नये. बदलीचा बचावही तसाच आहे. ‘माझ्या काळात घडले नाही’ असे म्हणणाऱ्याने पदभार घेताना रोकड, धनादेशपुस्तके, बँक खात्यांची यादी आणि डोंगल मोजून घेतल्याची नोंद दाखवावी. ती नोंद नसेल, तर पूर्वीची तूट त्याने न पाहता स्वीकारली आहे, आणि ती सोपवून जाणाऱ्याइतकाच तोही उत्तरदायी आहे.

राहतो तो सह्या थांबण्याचा धाक. या एका मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, कारण प्रामाणिकपणे घेतलेला पण चुकीचा ठरलेला निर्णय आणि अपहार यांची गल्लत झाल्याची उदाहरणे आहेत आणि अशा गल्लतीतून चांगले अधिकारी दुखावले गेले आहेत. परंतु रस्ता कोठून न्यावा, निविदा कोणाची स्वीकारावी, हे निर्णय आहेत. महिनाअखेर शिल्लक मोजणे हा निर्णय नाही, त्यात विवेकाधिकार नाही, मतभेदाला जागा नाही. ज्याने मोजली, ताळमेळ घेतला, डोंगल स्वतःजवळ ठेवला, आणि तरीही एखाद्या हुशार भामट्याने त्याला फसवले, त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. वर दिलेल्या ३७ व्या नियमातील ‘तेवढ्या मर्यादेपर्यंत’ हे शब्दच त्याला ते संरक्षण देतात. ज्याने यातले काहीच केले नाही तो या संरक्षणाच्या आड उभा राहू पाहतो तेव्हा तो सर्वांत मोठा अन्याय आपल्याच त्या प्रामाणिक सहकाऱ्यावर करत असतो, कारण लोकांच्या नजरेत दोघेही ‘साहेब’ म्हणून सारखेच मळतात.

साधनांची उणीव आहे असेही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये हलगर्जीपणाने झालेले आर्थिक नुकसान वेतनातून पूर्णतः किंवा अंशतः वसूल करण्याची शास्ती आहे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील २७ वा नियम निवृत्तीनंतरही निवृत्तिवेतनातून वसुलीची वाट ठेवतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमात, ताब्यातील मालमत्तेचा अप्रामाणिकपणे स्वतः अपहार करण्याच्या बरोबरीने, ‘दुसऱ्या कोणास तसे करू देणे’ हाही गुन्हा आहे; म्हणजे जाणूनबुजून डोळेझाक करणारा तर सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. नियम आहेत, कलमे आहेत. वापरण्याची इच्छा नाही, आणि तिचा अभाव झाकण्यासाठी दयेची भाषा वापरली जाते. निवृत्तिवेतनाच्या त्याच नियमात, निवृत्तीनंतर सुरू करायची विभागीय चौकशी चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल सुरू करता येत नाही, अशी मर्यादा आहे, आणि प्राथमिक चौकशी, अभिप्राय, पुन्हा अभिप्राय यांत ही वर्षे सहज उलटतात. तेव्हा अपहाराचा गुन्हा लिपिकाविरुद्ध ज्या दिवशी नोंदला जाईल, त्याच दिवशी कार्यालयप्रमुखाकडून मागील प्रत्येक महिन्याचे रोकड-प्रमाणपत्र, बँकेचे ताळमेळपत्रक आणि डोंगल कोणाच्या ताब्यात होता याची नोंद मागवली गेली पाहिजे, आणि ती सात दिवसांत आली नाही तर त्याच्यावरील दोषारोपपत्र आठव्या दिवशी निघाले पाहिजे, मग तो तोवर कोणत्याही जिल्ह्यात बदलून गेलेला असो.